वेबसाइटची पानं मोजून काय कळणार?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वेबसाइट बनवण्याच्या धंद्यावर जो लेख आला होता तो वाचला आणि तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात होतं. लेखाचा सूर असा की कंपन्यांच्या वेबसाइट आजकाल एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, कारण डेव्हलपर मंडळी आधीच बनवून ठेवलेले तुकडे इकडून उचलून तिकडे चिकटवतात आणि पैसे मात्र पूर्ण कामाचे घेतात. मी गेली चौदा वर्षं हेच काम करतेय, फ्रंटएंडचं, म्हणजे वेबसाइटचा जो भाग स्क्रीनवर दिसतो तो बनवायचं, आणि त्यातली निदान नऊ वर्षं तर हे तुकडे बनवण्यात आणि सांभाळण्यातच गेलीत. लेखातलं अर्धं पटलं. उरलेलं अर्धं वाचून वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त काळजी वाटली, कारण ते वाचून वेबसाइट बनवून घेणारा माणूस नेमके चुकीचे प्रश्न विचारायला लागेल.

आमच्यात त्या तुकड्याला कंपोनंट म्हणतात. वरची पट्टी म्हणजे हेडर हा एक कंपोनंट, खालचा फूटर एक, बटण एक, फोटो-नाव-दोन ओळी-लिंक असा जो चौकोन दिसतो ते कार्ड एक, संपर्काचा फॉर्म एक, दाबलं की उत्तर उघडतं ती प्रश्नोत्तरांची यादी एक. छोटे कंपोनंट जोडून मोठा होतो, म्हणजे एक लेबल, एक रिकामा रकाना आणि एक बटण मिळून सर्चची पेटी, ती पेटी, लोगो आणि मेनू मिळून हेडर. ब्रॅड फ्रॉस्ट नावाच्या डिझायनरने २०१३ मध्ये याला अणू, रेणू, मग त्यांच्यापासून बनणारे सजीव अशी नावं दिली आणि ती आमच्या धंद्यात बरीच रुजली. धंद्याची शंभर पानांची साइट उघडून बघितली तर माझ्या अनुभवात आत वीस-पंचवीस कंपोनंटच निघतात, तेच वेगवेगळ्या मजकुराने भरून फिरवलेले असतात. यात लपवण्यासारखं काही नाही, ते तसंच असायला हवं.

का असायला हवं ते सांगते. वेबची पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये सुरुवातीपासून एक उणीव आहे, एका पानाला सांगता येत नाही की हा फूटर त्या दुसऱ्या फाइलमधून आणून इथे लाव. टिम बर्नर्स-ली यांनी वेब बनवलं ते संशोधकांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून, तेव्हा कुणाच्या डोक्यात शंभर पानांची कंपनीची साइट नव्हती. मग लोक काय करायचे, पहिलं पान बनवायचं आणि त्याची कॉपी काढून दुसरं, दुसऱ्याची कॉपी काढून तिसरं. माझ्या पहिल्या नोकरीत एका क्लायंटची साठ-सत्तर पानांची अशीच साइट माझ्याकडे आली, प्रत्येक पान वेगळी फाइल आणि फूटर प्रत्येक फाइलमध्ये जसाच्या तसा पेस्ट केलेला. क्लायंटचा फोन नंबर बदलला. मी जुना नंबर शोधून सगळ्या फाइलींमध्ये एका फटक्यात बदलला आणि झालं म्हणून कळवलं, पण काही पानांवर तो मधे डॅश घालून लिहिलेला होता, काहींवर मधे जागा सोडून, दोन ठिकाणी तर चित्रातच होता. तीन महिन्यांनी कळलं की त्या पानांवरून येणारे लोक जुन्या नंबरवर फोन करतायत, कुणी उचलत नाही म्हणून निघून जातायत. किती लोक गेले ते कधीच कळलं नाही. ती गोष्ट मला अजून लागते आणि कंपोनंटबद्दल मी इतकी आग्रही का आहे त्याचं मूळ तिथे आहे. फूटर एकाच ठिकाणी असता तर नंबर एकाच ठिकाणी बदलला असता.

तशी वेबच्या सुरुवातीच्या काही वर्षांतच सर्व्हरवर पान जोडून पाठवायची सोय आली होती, पीएचपी या भाषेत एका ओळीत फूटरची फाइल ओढून घेता यायला लागली. १९९६ मध्ये सीएसएस आलं आणि पानाचं दिसणं मजकुरापासून वेगळं ठेवता आलं. २०११ मध्ये ट्विटरमधल्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन या दोघांनी बूटस्ट्रॅप सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यात बटणं, फॉर्म, मेनू सगळं तयार, आणि २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट खुलं केलं, ज्यात कंपोनंटचा सांगाडा, दिसणं आणि वागणं तिन्ही एकत्र बांधून ठेवायची पद्धत पडली. व्ह्यू, अँग्युलर हेही त्याच वाटेवरचे. पण मूळ विचार वेबपेक्षा जुना आहे. १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिशला नाटोने सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर परिषद भरवली होती, तिथे डग मॅकिलरॉय यांनी मांडलं होतं की इतर उद्योगांत जसे ठरलेल्या मापाचे सुटे भाग कॅटलॉग बघून निवडतात तसे सॉफ्टवेअरचेही मिळायला हवेत. म्हणजे ज्याला लेखात आळस म्हटलंय ते करता यावं म्हणून माणसं पन्नासहून जास्त वर्षं धडपडतायत.

आता खरा मुद्दा. तयार तुकडा वापरला म्हणजे काम वाचलं, मग पैसे कसले, असा प्रश्न लेखात आहे. त्यासाठी एक बटण घेऊ. बघणाऱ्याला वाटतं रंगीत चौकोन आणि त्यात दोन शब्द, यात काय एवढं. पण ते बटण कंपोनंट म्हणून बनवायला बसलं की प्रश्न सुरू होतात. अक्षरांचा रंग आणि मागचा रंग यात पुरेसा फरक आहे का, कारण वेबच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या (म्हणजे अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या) नियमांत साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट लागतो आणि डिझायनरला फार आवडणारा तो ७७७७७७ कोडचा करडा पांढऱ्यावर ४.४८ भरतो, म्हणजे डोळ्याला ठीक वाटतो पण नापास होतो, ७६७६७६ घेतला की पास. बोटाने दाबायला जागा पुरेशी आहे का, कारण ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या त्याच नियमांच्या २.२ व्हर्जनमध्ये किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलंय. माऊस न वापरता नुसत्या कीबोर्डने बटणावर आलं तर आपण कुठे आहोत ते दिसतं का. पाठवा म्हणून दाबलं, नेट हळू आहे, माणसाने वैतागून परत दाबलं, तर अर्ज दोनदा जाईल का, म्हणजे पाठवत असताना बटण गप्प बसलं पाहिजे आणि गप्प का बसलंय हेही सांगितलं पाहिजे, आणि ते ज्याला स्क्रीन दिसत नाही, स्क्रीन रीडरवर ऐकतोय, त्यालाही कळलं पाहिजे.

आणि मजकुराचं काय. इंग्रजीत डिझाइन करताना बटणाची उंची पक्की बांधलेली असते आणि त्यात आपण "माहिती मिळवा" किंवा "पुढे चला" टाकलं की कधी वरची वेलांटी कापली जाते कधी खालचा उकार. अक्षरांमधलं अंतर वाढवायची एक फॅशन आहे, लेटर स्पेसिंग, ती देवनागरीला लावली की शिरोरेषाच तुटते आणि शब्दाची अक्षरं सुटी पडतात. हे मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या साइटवर बघते आणि दरवेळी जीव तळमळतो, कारण हे एका कंपोनंटमध्ये एकदा नीट केलं की त्या साइटवरच्या प्रत्येक बटणाला लागू होतं, पुन्हा बघावं लागत नाही, पण ते एकदा कुणीतरी करायला लागतं आणि ते करणाऱ्याला देवनागरी वाचता यायला लागते.

म्हणून मी नव्याने शिकायला आलेल्यांना सांगते की कंपोनंट म्हणजे टायपिंग वाचवायची युक्ती समजू नका, तो एकदा विचार करून घेतलेला निर्णय आहे, किंवा वीस-तीस छोट्या निर्णयांचा गठ्ठा आहे असं म्हणा. रंग कुठला, जागा किती सोडायची, चूक झाली तर काय दिसेल, माहितीच नसेल तर काय दिसेल. हे शेवटचं सगळ्यात जास्त विसरलं जातं. डिझाइनच्या चित्रात कार्ड नेहमी तीन असतात, तिन्हींना सुंदर फोटो, तिन्ही नावं एका ओळीत मावणारी. खऱ्या साइटवर एका कार्डाला फोटोच नसतो, एकाचं नाव तीन ओळींचं असतं, कधी कार्ड एकच असतं आणि सर्च केल्यावर कधी एकही नसतं. चांगला कंपोनंट बनवणारा माणूस आधी या वाईट दिवसांचा विचार करतो. पैसे त्याचे असतात.

आणि इथेच मला वेबसाइट बनवून घेणाऱ्यांना काही सांगायचंय, लेख वाचून त्यांचा गैरसमज व्हायला नको. आपल्याकडे काय, सगळीकडेच, कोटेशन मागतात ते पानांवर. दहा पानांचे किती, वीस पानांचे किती. देणारेही तसंच देतात कारण ते समजायला सोपं. पण पानं हे माप इथे लागूच पडत नाही. आमच्याविषयी, आमची सेवा, आमची टीम, शाखा, बातम्या अशी तीस पानं सात-आठ कंपोनंटवर होऊन जातात, आणि दुसरीकडे एकच पान असतं ज्यात माणसाने तारीख निवडायची, वेळ निवडायची, माहिती भरायची, फाइल जोडायची, पैसे भरायचे आणि पावती घ्यायची, त्या एका पानात त्या तीस पानांच्या चौपट काम असतं. पानावर रेट ठरला की दोघांचंही नुकसान होतं. बनवणारा सोपी पानं वाढवतो आणि अवघड पानावर पाट्या टाकतो, कारण त्याला दोन्हींचे सारखेच पैसे मिळणार असतात. हे मी दोन्ही बाजूंनी बघितलंय. म्हणून विचारायचं ते असं विचारा की माझ्या साइटमध्ये वेगवेगळ्या प्रकारचे तुकडे किती लागतील, त्यातले कुठले तुमच्याकडे तयार आहेत, कुठले बाहेरच्या लायब्ररीतले, म्हणजे इतरांनी बनवून ठेवलेल्या तयार तुकड्यांच्या संचातले, घेणार, कुठले माझ्यासाठी नवीन बनवणार. ज्याला हे उत्तर देता येत नाही त्याने कामाचा विचार केलेला नाही असं खुशाल समजा.

एकसारखेपणाबद्दल लेखात बरंच लिहिलंय, त्यावर मी थोडकंच लिहिते. साइट एकसारख्या दिसतात हे खरं, वर मोठा फोटो, त्यावर एक वाक्य आणि बटण, खाली तीन कार्ड, मग ग्राहकांचे अभिप्राय. पण ते कंपोनंट वापरल्यामुळे होत नाही, लायब्ररी जशी आली तशी वापरल्यामुळे होतं. कंपोनंटचा सांगाडा आणि त्याचा पेहराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रंग, फॉन्ट, कोपऱ्यांची गोलाई, मोकळी जागा हे सगळं नावं देऊन वेगळं लिहून ठेवता येतं, त्याला डिझाइन टोकन म्हणतात, आणि ती टोकनं बदलली की तेच बटण, तोच फॉर्म पूर्ण वेगळा दिसतो. आणि दुसरं असं की बटण, मेनू, फॉर्म यांनी ओळखीचंच वागावं, त्यात नावीन्य आणू नये. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नीलसन वर्षानुवर्षं सांगत आलेत की लोकांचा बहुतेक वेळ तुमच्या साइटवर नाही, इतरांच्या साइटवर जातो, त्यामुळे तुमची साइटही तशीच चालावी अशी त्यांची अपेक्षा असते. वेगळेपण दाखवायचं तर मजकुरात दाखवा, स्वतः काढलेल्या फोटोंत दाखवा. आमची कंपनी दर्जेदार सेवा देते हे वाक्य हजार साइटवर जसंच्या तसं असतं, त्याला कुठलाही कंपोनंट जबाबदार नाही.

जिथे लेखकाशी मी सहमत आहे, किंबहुना लेखात म्हटलंय त्यापेक्षा जास्त काळजी करते, ती गोष्ट लेखात दोन ओळींत संपवलीय. बाहेरचा तुकडा घेतला की त्याच्यासोबत त्याचा मालकही आपल्या घरात येतो. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचा एक छोटा पॅकेज, म्हणजे तयार कोडचा तुकडा, त्याच्या लेखकाने एनपीएम या अशा पॅकेजच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतला. सगळा मिळून अकरा ओळींचा कोड, शब्दाच्या डावीकडे जागा भरायचं एवढंच काम, आणि त्यावर दुसरे पॅकेज उभे, त्यांच्यावर तिसरे, त्यामुळे जगभरातल्या मोठमोठ्या प्रोजेक्टची कामं काही तास अडली. ज्यांचं काम अडलं त्यातल्या बहुतेकांना आपण लेफ्ट-पॅड वापरतोय हेच माहीत नव्हतं. त्याहून वाईट प्रकार २०२४ मध्ये झाला. पॉलिफिल डॉट आयओ या पत्त्यावरून जुन्या ब्राउझरसाठी मदतीचा कोड मिळायचा, हजारो साइट तो थेट तिथून ओढत होत्या, तो पत्ता नव्या मालकाच्या हातात गेला आणि त्याच वाटेने लोकांना भलत्याच साइटवर नेणारा कोड येऊ लागला. एक लाखाहून जास्त साइटवर तो लावलेला होता. त्या साइटच्या मालकांनी स्वतः काहीच चुकीचं केलं नव्हतं, त्यांच्या साइटचा एक तुकडा दुसऱ्याच्या दारात होता एवढंच.

म्हणून बाहेरचं काही घेऊ नका असं मी म्हणणार नाही, ते शक्यही नाही आणि शहाणपणाचंही नाही. तारीख निवडायचं कॅलेंडर मी स्वतः बनवून बघितलंय, लीप वर्ष, वेगवेगळ्या वारी सुरू होणारे आठवडे, कीबोर्ड, स्क्रीन रीडर हे सगळं सांभाळताना दोन महिने गेले आणि तरी ते चांगल्या लायब्ररीतल्यापेक्षा कच्चंच राहिलं. पण घेण्याआधी बघायचं की शेवटचं अपडेट कधी आलंय, एकच माणूस सांभाळतोय की टीम आहे, लोकांनी कळवलेल्या चुका दुरुस्त होतात की तशाच पडून राहतात, आणि आपल्याला हवंय त्याच्या किती पट जास्त सामान त्याच्यासोबत येतंय. तीन फोटो सरकवायला लोक जी स्लायडरची लायब्ररी लावतात ती बरेचदा नाकापेक्षा मोती जड असते. आणि त्याच्याही आधी हे बघायचं की ब्राउझरमध्येच ती सोय आहे का. पान झाकून वर उघडणारी खिडकी, डायलॉग, ती २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आयती मिळते, प्रश्नोत्तरं उघडमीट करायला डीटेल्स नावाचा टॅग, म्हणजे एचटीएमएलमधली तयार खूण, आहे, आणि साधा बटणाचा टॅग वापरला तर कीबोर्ड आपोआप चालतो, तरीही डिव्हला, म्हणजे नुसत्या रिकाम्या चौकोनाला, रंग देऊन त्याचं बटण केलेलं मला आजही कोडमध्ये सापडतं. सगळ्यात जास्त वेळा वापरले गेलेले, सगळ्यात जास्त तपासलेले कंपोनंट ब्राउझरमध्येच आहेत, ते फुकट आहेत आणि ते कुणी एका रात्रीत काढून घेणार नाही.

स्वतः बनवलेल्या कंपोनंटलाही दुखणी असतात, ती मी लपवत नाही. एका कंपनीत मी गेले तेव्हा त्यांच्या साइटवर बटणाचे चौदा प्रकार होते, एक ना धड भाराभर चिंध्या, कारण प्रत्येक टीमने आपलं आपलं केलेलं. आम्ही सगळे मोडून एक केलं आणि सगळे खूश झाले. मग एका टीमला त्यात डावीकडे चित्र हवं झालं, ते दिलं, दुसऱ्यांना उजवीकडे हवं, दिलं, कुणाला लिंकसारखं दिसणारं बटण हवं, कुणाला बटणासारखी दिसणारी लिंक, कुणाला फक्त सणासुदीपुरतं वेगळं, आणि दोन वर्षांत त्या एका बटणाला तीसच्या वर पर्याय झाले, कुठला पर्याय कुठल्यासोबत चालतो ते माझ्याशिवाय कुणाला सांगता येईना. आम्ही चौदा बटणं काढून एक केलं होतं, पण त्या एकाच्या आत चौदापेक्षा जास्त भरून ठेवली होती. त्यातून मी एक शिकले, एखादी गोष्ट तीन ठिकाणी लागेपर्यंत तिचा कंपोनंट करायचा नाही, दोन ठिकाणी लागली तर बिनधास्त कॉपी करा, कारण दोनदा बघून तिच्यात कायम काय राहणार आणि बदलणार काय ते कळत नाही. आणि मागेल त्याला पर्याय द्यायचा नाही. नाही म्हणायला लागतं आणि ते नाही म्हणायला त्या कंपोनंटचा कुणीतरी एक मालक लागतो.

दुसरा धोका असा की एका जागी चूक केली की ती सगळीकडे होते. आम्ही फॉर्मच्या रकान्यात एक छोटा बदल केला, शुक्रवारी संध्याकाळी, जो करायला नको होता, आणि काही फोनवर लेबल आणि रकाना एकमेकांवर चढले, साइटवरच्या झाडून सगळ्या फॉर्ममध्ये. फोन नंबरच्या त्या जुन्या गोष्टीच्या बरोबर उलट. फरक इतकाच की हे एका तासात कळलं आणि एकाच ठिकाणी दुरुस्त करून पुढच्या वीस मिनिटांत सगळीकडे नीट झालं, ते तीन महिने कळलंच नव्हतं. मला विचाराल तर मी दरवेळी हा दुसरा धोका पत्करेन. पण तो पत्करायचा तर प्रत्येक कंपोनंट सगळ्या अवस्थांत उघडून बघता येईल अशी एक जागा लागते, जसं स्टोरीबुक वापरतात, व्हर्जनचा आकडा लागतो, काय बदललं त्याची नोंद लागते आणि बदल करण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तो बघायला लागतो.

छोट्या धंदेवाल्यांना वाटेल हे सगळं मोठ्या कंपन्यांचं. तसं नाहीये. २०१८ च्या डिसेंबरमध्ये वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरचं ५.० व्हर्जन आलं तेव्हापासून तिथलं संपादनच ब्लॉक जोडून करायचं झालंय, म्हणजे साइटचा मालक स्वतःच आता कंपोनंट जोडत असतो, फक्त त्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं. तिथे मी एकच चूक वारंवार बघते. डेव्हलपरने छान ब्लॉक बनवून दिलेले असतात आणि मालक घाईत दुसऱ्या पानावरून आख्खा भाग कॉपी करून पेस्ट करतो, त्यात पत्ता, वेळा, नंबर सगळं, आणि झालं, पुन्हा तीच माझ्या पहिल्या नोकरीतली साइट. वर्डप्रेसमध्येच एखादा ब्लॉक एकदा बनवून सगळीकडे तोच लावायची सोय आहे, एका ठिकाणी बदलला की सगळीकडे बदलतो, ती वापरा. जी माहिती दोनपेक्षा जास्त पानांवर दिसते ती एकाच जागी लिहिलेली असली पाहिजे, एवढं पाळलं तरी निम्मी दुखणी कमी होतात.

ब्रिटनच्या सरकारने २०१८ मध्ये आपली डिझाइन सिस्टिम, म्हणजे कंपोनंट आणि ते वापरायचे नियम यांचा संग्रह, सगळ्यांसाठी खुली केली, ती या धंद्यात असलेल्या किंवा नसलेल्या कुणीही एकदा बघावी. त्यात प्रत्येक कंपोनंटसोबत तो कधी वापरावा हे तर लिहिलंच आहे, पण कधी वापरू नये हेही लिहिलंय, आणि ते दुसरं वाचताना कळतं की या लोकांनी खऱ्या माणसांना फॉर्म भरताना बघितलंय. मी माझ्या प्रत्येक कामात त्या दोन गोष्टी लिहून देते. क्लायंट बहुतेक वेळा वाचत नाही, पण त्याच्याकडचा पुढचा डेव्हलपर वाचतो, आणि मी सोडून गेल्यावर ती साइट त्याच्या हातात असते.

माझी खरी तक्रार लेखकापेक्षा आमच्याच धंद्याकडे आहे. आम्ही साइट उभी करून देतो, हार घालून घेतो आणि निघून जातो. तिच्यात बाहेरचे किती पॅकेज आहेत, कुठला फॉन्ट कुठून येतो, कुठल्या कंपोनंटमध्ये काय बदललं तर कुठे कुठे परिणाम होईल, याचा एक कागदसुद्धा मालकाला देत नाही. मग दीड-दोन वर्षांनी काहीतरी मोडतं, नवा डेव्हलपर आत बघतो, त्याला काही समजत नाही, तो म्हणतो सगळं नव्याने करावं लागेल, आणि मालक दुसऱ्यांदा त्याच गोष्टीचे पैसे भरतो. लेखकाला जे दिसलं आणि ज्याचा राग आला ते बहुधा हेच असावं. तुकडे परत वापरले म्हणून मालक फसत नाही, ते परत वापरता येण्यासारखे ठेवले नाहीत म्हणून त्याला दोनदा पैसे भरावे लागतात.

तेव्हा विनंती अशी की पुरवणीत जागा असेल तर साइट ताब्यात घेताना मालकाने काय काय मागून घ्यायचं यावर एक लेख जरूर छापा. कंपोनंटची यादी, बाहेरच्या लायब्ररींची नावं आणि व्हर्जन, कोड कुठे ठेवलाय आणि तिथे मालकाच्या नावाने प्रवेश आहे का, डोमेन कुणाच्या नावावर आहे, आणि पुढचं वर्षभर अपडेट कोण करणार. यातला प्रत्येक मुद्दा कुणालाही समजेल असा लिहिता येतो. त्यासाठी लागेल ती माहिती द्यायला आणि लेखकांसोबत बसायला मी तयार आहे, माझा पत्ता या पत्रासोबत तुमच्या कार्यालयासाठी वेगळा जोडलाय, तो छापू नये.

आपली नम्र,
एक वाचक आणि फ्रंटएंड डेव्हलपर